हो, नाही आणि उणे एक

दुकान बंद करायचे झाले की आपण ते 'वाढवतो'. हातातली बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणायचे, मंगळसूत्र तुटले तर ते 'वाढले', आणि घराबाहेर पडताना 'जातो' असे चुकूनही न म्हणता 'येतो' म्हणायचे, हे आजीने आम्हांस लहानपणीच पढवून ठेवले होते. तुटण्याला वाढणे आणि जाण्याला येणे म्हणणाऱ्या या भाषेत आम्ही लहानाचे मोठे झालो; पण त्यामुळे कधी कोणाचा घोटाळा झाल्याचे आठवत नाही. 'आता दुकान वाढवतो' म्हणणाऱ्या वाण्याला 'दुसरे दुकान कुठे घालताय?' असे कोणी विचारले नाही. ऐकणारा माणूस शब्दांबरोबर वेळ पाहतो, अर्ध्या लावलेल्या फळ्या पाहतो, बोलणाऱ्याचा चेहरा पाहतो आणि मग अर्थ लावतो.

आम्ही पोटासाठी ज्याच्याशी बोलतो त्या संगणकाला यांतले काहीच दिसत नाही. त्याच्या हाती एक आकडा पडतो. त्या आकड्याचा अर्थ काय घ्यायचा हे आधी ठरलेले असावे लागते, आणि सगळ्यांनी ते सारखेच ठरवलेले असावे लागते. हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते आम्हांस नीट कळायला रक्ताच्या ३७ पिशव्या लागल्या. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

ज्या वाचकांचा आज्ञावल्यांशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. संगणकावर चालणारा कोणताही प्रोग्राम तबकडीवर लिहिणे, घड्याळ पाहणे, दुसऱ्या यंत्राशी बोलणे ही कामे स्वतः करत नाही. ती तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून करवून घेतो, आणि या दोघांच्या मध्ये बहुधा एक लायब्ररी असते. लायब्ररी म्हणजे लहान लहान कामे करून देणाऱ्या फंक्शनांचा संच. प्रोग्राम फंक्शनला हाक मारतो, फंक्शन काम करते आणि जाता जाता एक मूल्य परत देते. त्याला व्यवसायात 'रिटर्न व्हॅल्यू' म्हणतात. आम्ही येथे सरळ 'उत्तर' म्हणू. सी भाषेत हे उत्तर एकच असते, आणि त्या एका उत्तरावर दोन जबाबदाऱ्या पडतात. काम झाले की नाही हे त्याने सांगायचे, आणि काम झाले असेल तर त्यातून काय हाती लागले हेही त्यानेच सांगायचे. एकाच माणसाला साक्षीदारही करायचे आणि हमालही, अशातला हा प्रकार. पुढची सारी गुंतागुंत येथून सुरू होते.

आमची लायब्ररी तशी छोटीच होती. शीतपेट्यांना जोडायच्या एका नोंदयंत्रासाठी ती लिहिलेली होती. हे यंत्र दर मिनिटाला पेटीतले तापमान मोजी आणि मेमरी कार्डावर लिहून ठेवी. नोंद नीट लिहिली गेली तर हिरवा दिवा. नाही गेली तर तांबडा दिवा आणि घंटा. लायब्ररीचा आरंभ २००३ साली आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी केला होता. आम्ही २००५ साली त्या कामावर आलो, आणि आमच्यामागून आणखी एक तरुण सहकारी आली. तिघांचे हात तीन वळणांचे होते. ज्येष्ठांची फंक्शने प्रश्नाला उत्तर द्यावे तशी बोलत. 'साधले का?' तर हो असल्यास १, नाही असल्यास ०. आम्ही युनिक्सच्या मुशीतून आलेलो; आमच्या फंक्शनांत यश म्हणजे ० आणि अपयश म्हणजे उणे १. तिसरी सहकारी लिनक्सच्या कर्नेलमध्ये काम करून आलेली. तिच्या फंक्शनांत यश ०, पण अपयश झाल्यास ज्या कारणाने झाले त्याचा क्रमांक उणे चिन्ह लावून परत येई. तिन्ही रीती आपापल्या जागी शहाण्या आहेत. तिन्ही एकाच घरात नांदत होत्या, आणि आम्हांस त्यात वावगे काही दिसत नव्हते.

२००८ साली आम्ही ज्येष्ठांच्या एका फंक्शनात सुधारणा केली. नोंद कार्डावर साठवण्याचे ते फंक्शन. कार्डावर जागा उरली आहे की नाही हे ते आधी पाहत नसे. सरळ लिहू पाही, आणि लिहिता न आल्यास ० देई. आम्हांस हे गबाळेपणाचे वाटले. आम्ही सुरुवातीलाच जागेची तपासणी घातली, आणि जागा नसल्यास हाताच्या सवयीने लिहिले: उणे १ परत दे. मग एक कार्ड काठोकाठ भरले, फंक्शनला हाक मारली, उणे १ आले. समाधान वाटले. आम्ही फंक्शन तपासले. दिवा कोणता लागतो ते मात्र पाहिले नाही.

दिवा लावणारा प्रोग्राम ज्येष्ठांच्या जुन्या बोलीला सरावलेला होता. त्यात लिहिले होते: 'जर नोंद साठवली, तर हिरवा दिवा.' आणि सी भाषेचा नियम असा आहे की शून्य म्हणजे असत्य, आणि शून्याखेरीज जे जे काही, ते सत्य. उणे १ हे शून्य नव्हे. अर्थात उणे १ म्हणजे हो.

आमच्या सुधारणेपूर्वी कार्ड भरले असते तर ० आले असते आणि घंटा वाजली असती. आम्ही घेतलेल्या काळजीमुळे हिरवा दिवा लागला.

तो लागला २००९ सालच्या मे महिन्यात, एका रक्तपेढीत. कार्डावरच्या नोंदी उतरवून घेऊन ते रिकामे करणारा कर्मचारी रजेवर होता. शुक्रवारी रात्री कार्ड भरले. तेथून सोमवारी सकाळपर्यंत यंत्र दर मिनिटाला तापमान मोजत होते, ते कोठेही न लिहिता टाकून देत होते, आणि सारे ठीक आहे असे हिरव्या दिव्याने सांगत होते. शनिवारी भारनियमनात वीज गेली. जनित्र सुरू केल्याचे पहारेकरी सांगत होता. पण किती वेळाने, हे सांगणारी नोंद नव्हती. रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसच्या आत राहावे लागते. ते तसे राहिलेही असेल. परंतु राहिले असे म्हणायला आधार नव्हता, आणि आधाराशिवाय रक्त कोणाच्या नसेत सोडता येत नाही. त्या पेटीत आदल्या आठवड्यातल्या एका शिबिरात गोळा झालेल्या ३७ पिशव्या होत्या. त्या सगळ्या नष्ट कराव्या लागल्या.

आम्ही तेथे मंगळवारी पोचलो. रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी यंत्राकडे बोट दाखवून एवढेच विचारले, "दिवा हिरवा होता ना हो?"

"होता," आम्ही म्हणालो.

"मग आमच्या माणसांनी आणखी काय पाहायचे होते?"

परत येऊन फंक्शन उघडले, आणि दहा मिनिटांत आमचीच ओळ आमच्यासमोर आली. ज्येष्ठांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझे फंक्शन हो आणि नाही एवढेच बोलायचे. तुम्ही त्याच्या तोंडी तिसरा शब्द घातलात. पण ऐकणाऱ्याला कळवले नाहीत."

येथे एक कबुली द्यावी लागेल, कारण ती टाळून हा लेख लिहिणे खोटेपणाचे होईल. रक्तपेढीस जो अहवाल गेला त्यात असे वाक्य होते: 'मेमरी कार्ड पूर्ण भरल्यामुळे नोंदी साठवल्या गेल्या नाहीत, कार्ड वेळच्या वेळी रिकामे करावे.' या वाक्याचा मसुदा आम्हीच केला होता. त्यात असत्य काहीच नाही. ते वाचणाऱ्यास वाटेल की चूक कर्मचाऱ्याच्या रजेची. आणि तसे वाटावे म्हणूनच ते तसे लिहिले होते. कार्यालयात कोणालाही ते खटकले नाही. आम्हांस खटकले, पण आम्ही बोललो नाही. तुटलेल्याला आम्ही 'वाढले' म्हणालो.

त्यानंतर या विषयावर जे जे हाती लागेल ते वाचण्याचा आम्ही सपाटा लावला. स्वतःच्या चुकीस मोठमोठे सोबती आहेत हे समजले की मनास बरे वाटते, हा त्यामागचा फारसा उदात्त नसलेला हेतू. सोबती भरपूर निघाले. त्याच वर्षीच्या जानेवारीत ओपनएसएसएल या सुरक्षित संपर्काच्या सुप्रसिद्ध लायब्ररीतला एक दोष जाहीर झाला होता. सही खरी आहे का हे पडताळणारे तिचे एक फंक्शन सही खरी असल्यास १, खोटी असल्यास ० आणि तपासतानाच काही बिघडल्यास उणे १ देत असे. त्याला हाक मारणाऱ्यांनी फक्त 'शून्य नाही ना?' एवढेच पाहिले. परिणामी, मुद्दाम वेडीवाकडी करून पाठवलेली सही खरी ठरू शके. ही बातमी आम्ही जानेवारीतच वाचली होती. वाचून 'असे कसे लिहितात लोक?' म्हणालो होतो. त्या वेळी आमची ओळ आमच्याच यंत्रात काही महिने बसलेली होती.

पुढेही हे थांबले नाही. २०१२ साली मायएसक्यूएलमधला एक दोष उघडकीस आला. स्मृतीतल्या दोन तुकड्यांची तुलना करणारे फंक्शन ऋण, शून्य अथवा धन असा आकडा देते. शून्य म्हणजे दोन्ही सारखे. तो आकडा किती मोठा असावा याचे बंधन नाही. मायएसक्यूएलने मात्र तो एका बाइटात कोंबला. काही यंत्रांवर त्या बाइटात २५६ सारखा आकडा कोंबला की उरते शून्य. त्यामुळे चुकीचा परवलीचा शब्द वारंवार देत राहिले तर सरासरी २५६ प्रयत्नांत एकदा दार उघडे. २०१४ सालच्या मार्चमध्ये जीएनयूटीएलएस या लायब्ररीत तर हुबेहूब आमचीच चूक निघाली: प्रमाणपत्र योग्य आहे का, याचे हो-नाहीत उत्तर द्यायचे फंक्शन काही वाटांनी ऋण क्रमांक देऊन बाहेर पडे, आणि हाक मारणारा त्याला 'हो' समजे. त्या दिवशी आम्हांस बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

एवढे जाणते लोक पुन्हा पुन्हा याच खड्ड्यात का पडतात, हे कळण्यासाठी जरा मागे जावे लागते. पीडीपी-११ या यंत्रावरच्या आरंभीच्या युनिक्समध्ये सिस्टिमने केलेल्या कामाचे यशापयश सांगायला वेगळी खूण होती. प्रोसेसरचा 'कॅरी' नावाचा एक बिट अपयश आल्यास उंचावला जाई, आणि कारणाचा क्रमांक वेगळ्या जागी ठेवला जाई. साक्षीदार वेगळा, हमाल वेगळा. सी भाषेच्या फंक्शनाला तो बिट परत देता येत नाही. त्याला एकच मूल्य. म्हणून अपयशासाठी उणे १ राखून ठेवले आणि कारण 'एर्नो' नावाच्या एका सामायिक चलात लिहायचे ठरले. हे जमले, कारण फाइलचा क्रमांक किंवा वाचलेल्या अक्षरांची संख्या कधी ऋण नसते. पण प्रत्येकच उत्तराचे असे नसते. प्रोग्रामचा अग्रक्रम सांगणारे 'गेटप्रायॉरिटी' हे फंक्शन लिनक्सवर उणे २० ते १९ यांतला कोणताही आकडा देऊ शकते. म्हणजे उणे १ हे तेथे धडधाकट उत्तर आहे. म्हणून हाक मारण्यापूर्वी एर्नो स्वतः शून्य करून ठेवायचा आणि नंतर तो बदलला का हे पाहायचे, असा द्राविडी प्राणायाम हस्तपुस्तिकेतच सांगितलेला आहे.

स्मृती मागणारे 'मॅलॉक' अपयश आल्यास नल, म्हणजे कोठेच न दाखवणारा पत्ता देते. तशाच कामाचे 'एममॅप' मात्र अपयशात उणे १ हाच पत्ता म्हणून देते. मॅलॉकच्या सवयीने एममॅपचे उत्तर नलशी ताडून पाहिले तर अपयश यशाच्या वेषात आत शिरते. १९९५ साली पोझिक्सच्या प्रमाणात थ्रेड आले, तेव्हा एका प्रोग्रामात अनेक प्रवाह एकाच वेळी धावू लागले. सामायिक एर्नोवर विसंबणे तेव्हा बरे दिसेना. म्हणून त्या नव्या फंक्शनांनी कारणाचा क्रमांक सरळ उत्तरातच द्यायचा, तोही धन, असे ठरले. लिनक्सचे कर्नेल तोच क्रमांक उणे करून देते, आणि वरची लायब्ररी त्याचे उणे १ आणि एर्नो असे भाषांतर करते. विंडोजमध्ये संदेश आणून देणारे 'गेटमेसेज' नावाचे फंक्शन आहे. त्याच्या उत्तराचा प्रकार 'बूल', म्हणजे सत्य वा असत्य, असा घोषित केलेला आहे. आणि त्याच्या दस्तऐवजात नोंदवलेली उत्तरे तीन आहेत: शून्य, शून्येतर आणि उणे १. हे वाचताना आम्ही हसलो, आणि लगेच गप्प झालो.

या साऱ्या इतिहासात मूर्ख कोणीच नाही. प्रत्येकाने आपल्या वेळची अडचण पाहून योग्य तोच निर्णय घेतला. विसंगती अशीच तयार होते: एकेकटे पाहिले तर समंजस असलेले निर्णय एकत्र नांदू लागले की.

मग आम्ही आमच्या लायब्ररीतली सगळी फंक्शने कागदावर उतरवली. ११८ भरली. एक-शून्य बोलणारी ४६, शून्य आणि उणे १ बोलणारी ३९, उणे क्रमांक देणारी १२, आणि संख्या किंवा पत्ता देणारी उरलेली २१. यांपैकी पाच फंक्शने एकाच पोटात दोन बोली बाळगून होती. एक आमचे, बाकी चार अजून कोणाच्या रक्तापर्यंत पोचली नव्हती, एवढेच.

नियम कोणता करायचा यावर तिघांची बैठक बसली. ज्येष्ठांचे म्हणणे असे की एक-शून्य वाचायला सुंदर असते. 'जर साठवले, तर' हे वाक्य मराठीतल्यासारखे वाचता येते. ते खरेच होते. तरुण सहकारीचे म्हणणे असे की यश एकाच प्रकारचे असते, अपयशे अनेक प्रकारची. 'बरा आहे' याला उत्तर एक, पण 'ताप का आला' याला उत्तरे शंभर. मग एकुलते एक शून्य यशाला द्यावे आणि उरलेला सारा ऋण प्रदेश कारणांना. हेही खरे होते. तोड लिनक्सच्या कर्नेलच्या लेखनशैलीच्या दस्तऐवजात सापडली. फंक्शनाचे नाव आज्ञा असेल, उदाहरणार्थ 'काम जोडा', तर त्याने यशास शून्य आणि अपयशास कारणाचा क्रमांक द्यावा. नाव प्रश्न असेल, उदाहरणार्थ 'उपकरण हजर आहे का', तर त्याने हो किंवा नाही द्यावे. आम्ही त्यात आमची एक भर घातली: प्रश्नाला चुकण्याची मुभा नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधतानाच काही बिघडू शकते तो प्रश्न नव्हे, ते काम. त्याने यशापयश उत्तरात द्यावे आणि हाती लागलेले हो-नाही वेगळ्या जागी ठेवावे. साक्षीदार आणि हमाल पुन्हा वेगळे झाले.

"नियम कोणताही करा," ज्येष्ठ शेवटी म्हणाले, "पण जुन्या नावाखाली नवा अर्थ घालू नका."

आम्ही ऐकले नाही. पहिल्याच आठवड्यात एक-शून्यवाल्या एका फंक्शनाचे उत्तर शून्य-उणे असे फिरवले, आणि त्याला मारलेल्या हाका शोधून दुरुस्त केल्या. एक हाक चाचणीच्या टेबलावरच्या वेगळ्याच प्रोग्रामात होती. ती राहून गेली. कंपायलरने चकार शब्द काढला नाही. काढणार कसा? पूर्वीही पूर्णांक येत होता, आताही पूर्णांकच येत होता. तो प्रोग्राम यशाचे ० हे अपयश समजला आणि तीच नोंद पुन्हा पुन्हा लिहीत सुटला. तासाभरात ते लक्षात आले, बाहेर काही गेले नाही. परंतु मे महिन्यातल्या चुकीची ही सख्खी बहीण आहे, हे कळायला तासही लागला नाही. अर्थ बदलला आणि रूप तेच ठेवले, तर ऐकणाऱ्याची फसवणूक ठरलेली.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. जुनी पुस्तके जुन्याच अनुस्वारांसह कपाटात राहिली, आणि आपण ती आजही विनातक्रार वाचतो. माणसाच्या वाचण्यात एवढी क्षमाशीलता असते. आमच्या लायब्ररीला हाका मारणाऱ्या जुन्या प्रोग्रामांकडून तिची अपेक्षा करणे व्यर्थ होते. तेव्हा आम्ही रीत बदलली. नव्या अर्थाच्या फंक्शनाला नवे नाव दिले. जुने नाव वर्षभर जुन्याच अर्थाने चालू ठेवले. आतून ते नव्यालाच विचारी आणि उत्तर जुन्या बोलीत सांगे. त्याला हाक मारली की 'हे नाव लवकरच जाणार आहे' असा इशारा कंपायलर देई.

हाका शोधण्यासाठी तरुण सहकारीने एक युक्ती सुचवली. नव्या फंक्शनांचे उत्तर काही काळापुरते पूर्णांक न ठेवता, एकच घर असलेली 'स्ट्रक्ट' नावाची डबी करून टाकायचे. सी भाषेत डबी सत्यही नसते आणि असत्यही नसते. 'जर साठवले' या वाक्यात ती बसवू गेले की कंपायलर अडून बसतो. मग आम्ही जुनी नावे आमच्या आवारापुरती काढून टाकली, सर्वत्र नवी घातली, आणि कंपायलरला अडू दिले. त्याने अडून दाखवलेली एकूण एक जागा आम्ही डोळ्यांनी वाचली. डबीकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या जागा मात्र अशा सापडत नाहीत. त्यांच्यासाठी जीसीसी कंपायलरमध्ये 'उत्तर टाकून दिल्यास ओरड' असा शेरा मारण्याची सोय आहे, ती वापरली. सारे मिळून ६१२ ठिकाणे झाली. त्यांपैकी ३१ ठिकाणी उत्तर कोणी पाहतच नव्हते. काम संपल्यावर डबी काढून पूर्णांक परत ठेवला. शेरा मात्र राहू दिला.

आता हा शेरा भाषांच्याच पोटात शिरू लागला आहे. सी++ च्या २०१७ सालच्या प्रमाणात तो आला, मागाहून सी२३ या सीच्या प्रमाणातही आला. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेत तर 'यश आणि त्याचे फळ' अथवा 'अपयश आणि त्याचे कारण' असा एक स्वतंत्र प्रकारच आहे; तो उघडून पाहिल्याशिवाय आतले फळ हाती येत नाही, आणि अपयशाला चुकून 'हो' म्हणता येत नाही. नव्या लोकांना हे आयते मिळते आहे याचा आम्हांस हेवा वाटत नाही, आनंदच वाटतो.

सुधारलेली आवृत्ती २०१० सालच्या एप्रिलमध्ये तयार झाली. ती बसवण्यासाठी त्या रक्तपेढीत आम्ही स्वतः गेलो. गेल्या वर्षीच्या अहवालातले ते वाक्य घशात अडकलेलेच होते. यंत्र उघडण्यापूर्वी आम्ही डॉक्टरांना सगळे सांगितले: कार्ड भरणे हे निमित्त होते, हिरवा दिवा लागला तो आमच्या एका ओळीमुळे, आणि हे आम्हांस त्याच आठवड्यात कळले होते.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "हे तेव्हाच सांगितले असते, तर इथल्या दुसऱ्या दोन पेट्यांवरचे दिवे आम्ही त्याच दिवशी काढून टाकले असते. अकरा महिने आमची माणसे त्यांच्यावर विसंबून होती."

त्या दोन पेट्यांवर तीच जुनी ओळ चालत होती. कार्ड वेळच्या वेळी रिकामे होत राहिले म्हणून काही घडले नाही. आम्ही ११८ फंक्शनांची उत्तरे सरळ करत बसलो होतो, आणि ज्यांना उत्तर द्यायचे होते त्यांना आमचे स्वतःचे उत्तर उणे १ होते, हिरव्या दिव्यासकट. यावर आमच्याकडे बोलण्यासारखे काही नव्हते. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी ती दिली की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही, आणि विचारण्याचा आम्हांस अधिकार नव्हता.

नवी आवृत्ती तिन्ही यंत्रांवर चढवली. निघण्याच्या तयारीत असताना डॉक्टरांनी थांबवले.

"आता कार्ड भरले की तांबडा लागतो म्हणता ना?"

"हो."

"लावून दाखवा."

आम्ही पिशवीतून एक कार्ड काढले, काठोकाठ भरले आणि पहिल्या यंत्रात घातले. पुढच्या मिनिटाला तांबडा दिवा लागला आणि घंटा वाजू लागली. शेजारच्या खोलीतून दोन कर्मचारी धावत आले. डॉक्टरांनी घंटा लगेच बंद करू दिली नाही. दोघांनाही ती नीट ऐकू दिली. मग दुसऱ्या पेटीकडे वळून म्हणाल्या, "आता इथे."